सामाजिक कार्यकर्त्यांनी पुढे काय शिकावं? नीतीवरचं काही सुचवा

अनवाणी

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू (सामाजिक कार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन सहा वर्षं झाली, मुलं आणि कुटुंबं यांच्यासोबत काम करते. एरवी वाचनमात्र असते, पण आज अडलंय.

फाइलमध्ये माझी ११ सर्टिफिकेटं आहेत. बहुतेक एकेका दिवसाच्या कार्यशाळांची. गेल्या महिन्यात फंडरच्या (संस्थेला निधी देणाऱ्यांच्या) अहवालासाठी 'लाभार्थींचे फोटो' हवे होते. एका आईला विचारलं, ती लगेच हो म्हणाली, फॉर्मवर सही केली, मुलीला जवळ घेऊन फोटोही दिला. परत निघाले आणि जिन्यातच लक्षात आलं की तिच्या मुलीची फी आमची संस्था भरते. ती नाही कशी म्हणणार होती? वरिष्ठांशी बोलले, तर "सही आहे ना? मग झालं."

हे चुकतंय हे कळतं, पण नेमकं काय चुकतंय ते मला मांडता येत नाही. नोकरी सांभाळून करता येईल असं, नीतीवर खरंच काही शिकवणारं सुचवाल का? शक्यतो फुकट.

मोरपंखी

मी केलेल्यांपैकी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका (२०११) आधी वाच. पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या, एवढ्या तीन क्रियांवर उभी आहे आणि संकटातल्या माणसाला खोदून खोदून विचारू नका हे त्यात स्पष्ट सांगितलंय. युनिसेफच्या 'अगोरा' पोर्टलवर लैंगिक शोषणाला प्रतिबंध या विषयाचे कोर्स फुकट आहेत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या 'ओपनलर्न'वरही सामाजिक कार्याचे छोटे कोर्स मिळतील, सवडीने करता येतात.

फोटोबद्दल जाणकार सांगतीलच.

टाचणी

११ची १५ होतील, बाकी काय? रागावू नका, मी स्वतः याच वाटेने गेलोय.

दोन ठिकाणचे नियम शेजारी ठेवून बघा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात क्लिनिकल सामाजिक कार्यकर्त्याचा परवाना टिकवायला दर २ वर्षांनी ३६ तासांचं शिक्षण लागतं, त्यातले ६ तास कायदा आणि नीती यांचे. म्हणजे हिशेब तासांचा. इंग्लंडमध्ये सामाजिक कार्यकर्त्यांची नियामक संस्था वर्षाला किमान दोन नोंदी मागते: काय शिकलात आणि त्याने कामात काय बदललं. त्यातली एक नोंद सहकाऱ्याशी चर्चा करून लिहावी लागते. तिथेही लोक शेवटच्या आठवड्यात पाट्या टाकत असतीलच म्हणा. पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारलाय.

जुनी_डायरी

अनवाणी, तुमचा जिन्यातला क्षण हेच शिक्षण आहे. तो वाया जाऊ देऊ नका.

काय चुकलं ते मांडता येत नाही म्हणालात, म्हणून आधी तेच. संमतीला तीन गोष्टी लागतात: माहिती, समज आणि नाही म्हणायची मोकळीक. सहीने फार तर पहिल्या दोन दिसतात. तिसरी कागदावर येत नाही, कारण ती तुमच्यातल्या आणि तिच्यातल्या सत्तेच्या फरकावर अवलंबून असते. फी देणारा हात आणि फोटो मागणारा हात एकच असेल तर मोकळीक उरतच नाही. वरिष्ठांना 'सही आहे, पण मोकळीक नव्हती' एवढंच म्हणा. आणि मुलीला कुणी विचारलं? फोटोत तीही आहे.

आता करायचं काय. परत जा. फोटो काढून टाकता येतो हे आधी सांगा, मग विचारा, "नाही म्हटलंत तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" उत्तर ऐका, मध्ये बोलू नका. पुढच्या वेळी फीच्या निर्णयाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला विचारायला पाठवा. चेहऱ्याऐवजी हातांचा, वहीचा, पाठमोरा फोटो चालतो, फंडर कुरकुरतात पण घेतात.

वाचायचंच असेल तर एकच मजकूर पुरेसा आहे. सामाजिक कार्यकर्त्यांच्या आणि सामाजिक कार्य शिकवणाऱ्या संस्थांच्या जागतिक संघटनांनी २०१८ साली डब्लिनमध्ये नीतितत्त्वांचं निवेदन मंजूर केलं. ९ तत्त्वं आहेत. गोपनीयता आहे, तंत्रज्ञानाचा वापर आहे, स्वतःची काळजी घेणं हेसुद्धा कर्तव्य म्हणून आहे (हे वाचून मी हसले होते, तेव्हा रोज रात्री अकरापर्यंत क्लायंटचे फोन घ्यायचे). एका बैठकीत वाचून संपवू नका. महिन्याला एक तत्त्व घ्या आणि त्याच्या शेजारी आपलीच एक केस ठेवा.

आणि केसच्या नोंदी. माझ्या जुन्या फाइलमधलं वाक्य: "आई बेफिकीर आहे." सुपरव्हिजनला (वरिष्ठांसोबत आपल्या कामावर बोलायच्या बैठकीत) मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "काय पाहिलंस?" मी तीन गृहभेटी केल्या होत्या, तिन्ही वेळा आई घरी नव्हती. बस्स, एवढंच पाहिलं होतं. ती दोन पाळ्यांत काम करत होती आणि मी जायचे दुपारी तीनला. ती फाइल उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती तर माझा एक शब्द त्या बाईला वर्षानुवर्षं चिकटला असता. तेव्हापासून पानाच्या मध्ये उभी रेघ: डावीकडे पाहिलेलं-ऐकलेलं, उजवीकडे मला वाटलेलं. आठवडाभर करून बघा.

पावशेर

ताई, सगळं पटलं, पण सुपरव्हिजन आहे कुठे? आम्ही चौघं. संचालकच सुपरव्हायझर, तेच पगारवाढ ठरवणार. त्यांच्यासमोर कोण म्हणेल "माझं चुकलं"? आमच्या मीटिंगमध्ये फक्त टार्गेट आणि व्हाउचर.

जुनी_डायरी

खरं आहे. सुपरव्हिजनची कामं तीन: प्रशासन, शिकवणं आणि आधार. बहुतेक ठिकाणी पहिलंच उरतं. मग बाकीची दोन बाहेर शोधायची. वेगवेगळ्या संस्थांतले तीन-चार जण, महिन्यातून दोन तास. एकाने एक केस मांडायची, इतरांनी पहिली वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला बंद. ही वीस मिनिटंच सगळ्यात जड जातात, आपल्याला सल्ला द्यायची खाज फार.

पण बाहेर केस न्यायची तर नुसतं नाव बदलून भागत नाही. "तिळ्या मुलींची आई" म्हटलं की संपलं. वय, कामधंदा, मुलांची संख्या, सगळं बदला. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर केस मुळीच नको.

मोरपंखी

गोपनीयतेवरून आठवलं. सुरुवातीला एका पंधरा वर्षांच्या मुलीला मी म्हटलं होतं, "काहीही सांग, माझ्यातच राहील." तिने सांगितलं ते माझ्यात ठेवता येण्यासारखं नव्हतं. वरिष्ठांना कळवलं, तिला सुरक्षित जागा मिळाली, पण ती माझ्याशी परत बोलली नाही. कळवण्यात चूक नव्हती, शब्द देण्यात होती.

टाचणी

म्हणूनच मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायच्या: "तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, पण आधी तुला सांगून." सामाजिक कार्यातल्या नीतीवर लिहिणारे लोवेनबर्ग आणि डोल्गॉफ यांची सात पायऱ्यांची उतरंड आहे, तत्त्वांची टक्कर झाली तर वरचं आधी. जीवरक्षण पहिलं, गोपनीयता सहावी. मला ती फार गुळगुळीत वाटते, माणसं अशी पायऱ्यांवर उभी नसतात. तरी रात्री दहाला एकट्याने निर्णय घ्यायचा असेल तर हाताशी असावी.

अनवाणी

सगळ्यांचे आभार. काल परत गेले. ताई, तुमचा प्रश्न तसाच्या तसा विचारला. ती बराच वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "फी थांबेल ना?" मी थांबणार नाही म्हटलं. वरिष्ठांकडून ते लेखी घेऊन गेले होते, तो कागद दाखवला. मग म्हणाली, "तर मग नको फोटो." मुलगी आतून ओरडली, "मी तर आधीच नको म्हणत होते!"

फोटो अहवालातून काढलाय. त्या जागी मुलीच्या वहीचा एक कोपरा आहे, तिला विचारून. वरिष्ठ जरा घुश्शात आहेत, बघू.

कोर्स सध्या एकच करतेय, अगोरावरचा. आणि केसचर्चेचा गट सुरू करतेय, ऑनलाइन, महिन्याचा दुसरा गुरुवार, संध्याकाळी सात ते नऊ. मी आणि पावशेर दोघं आहोत. आणखी दोघं हवेत. ताई, पहिल्या दोन बैठकांना याल का?

जुनी_डायरी

येते. पहिली केस माझी, म्हणजे तुमची भीड चेपेल.

टाचणी

मीही. सर्टिफिकेट मिळणार का?