महिला कबड्डीचा सामना बघताना तुमची नजर कुठे असते?

गुणफलक सगळेच बघतात. ज्यांनी मुलींचे सामने मैदानाला खेटून बसून बघितलेत, गुणलेखन केलंय, मुलींना शिकवलंय, त्यांनी इथे आपापल्या टोपणनावाखाली लिहावं. आठवणी नकोत. काय बघायचं, का बघायचं आणि कुठे फसतं, एवढंच सांगा. आधी मैदानाचं बोलू या?

निदानरेषा

महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटर, पुरुषांचं 13 बाय 10. फरक किरकोळ वाटतो. पण या 8 मीटरमध्ये दोन्ही बाजूंचं एकेक मीटर राखीव क्षेत्र धरलेलं असतं आणि झटापट सुरू होईपर्यंत तिथे पाऊल टाकलं की बाद. म्हणजे सात जणींना रुंदी उरते 6 मीटर. पुरुषांच्या सात जणांना 8.

आता खोली बघा. मध्यरेषेपासून 3 मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाई करणारीला ओलांडावीच लागते ती (पुरुषांची 3.75), पुढे एका मीटरवर बोनस रेषा, तिच्यामागे 2 मीटर. 'बायकांचा खेळ संथ' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. चढाई करणारी निदान रेषेवर धरली गेली आणि मध्यरेषेकडे आडवी पडली, हात ताणला, की दोन मीटर तिथेच संपले. उरला एक. दुसरी बचावपटू अर्धा सेकंद उशिरा पोचली तर तेवढं अंतर चढाई करणारी सरपटत काढते, बोटं मध्यरेषेला लागतात आणि झटापटीत जिच्या जिच्या अंगाला हात लागला त्या सगळ्या बाहेर. मैदान लहान असल्यामुळे चूक निस्तरायला वेळच मिळत नाही.

कोपऱ्यातली

वरच्या हिशेबामुळेच कोपरारक्षक, म्हणजे बचावाच्या साखळीच्या टोकाची खेळाडू, बघत जा. चेंडू नसलेल्या खेळात नवा प्रेक्षक चढाई करणारीच्या हातांकडे बघत राहतो. खरी गोष्ट खाली, घोट्याशी घडते.

उभं राहणं: गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, टाचा जमिनीपासून सुटलेल्या. शेजारणीचा हात मनगटाशी धरलेला, बोटांत बोटं अडकवलेली नाहीत. (बोटं अडकवली की सुटायला वेळ लागतो आणि मुरगळतातही.) घोटा पकडायचा क्षण एकच, चढाई करणारीचा पुढचा पाय टेकून त्यावर वजन येतं तेव्हा. तोवर पाय हवेत असतो, तो ती मागे ओढू शकते किंवा त्याचीच लाथ बसते. वजन आलं की पाय अडकला. झेप बुटकी घ्यायची, पुढे, वर नव्हे. एक तळवा टाचेमागून, दुसरा घोट्याच्या पुढून, आणि तो पाय आपल्या छातीशी घेऊन वर उचलत अंतिम रेषेकडे ओढायचा. डोकं तिच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या बाजूला राहिलं तर तिचा गुडघा थेट तोंडावर येतो.

फसतं कुठे? बऱ्याच मुली पाय उचलायच्या ऐवजी खाली दाबून धरतात. दाबलेल्या पायावर उभी राहून ती दुसऱ्या पायाने घरी झेपावते. दुसरी चूक मदतीला येणारीची: ती त्याच पायावर पडते. मध्यरक्षकाने परतीची वाट अडवत कमरेवर यायला हवं. आणि विजारीचं कापड हाती आलं तर सोडून द्यावं. कपडा किंवा केस धरणं नियमात बसत नाही.

बोनसवाला

शक्य असेल तर बोनस रेषेच्या समांतर, बाजूला बसा. समोर सहा किंवा सात जणी असतील तरच बोनस. एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी दुसरा हवेत हवा. मागचा पाय मॅटला घासला की गुण नाही, आणि हे समोरून दिसतच नाही. एक गुण म्हणून हिणवू नका. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि चायनीज तैपेई गटात 34-34 असे बरोबरीत सुटले. 7 ऑक्टोबर 2023 च्या अंतिम सामन्यात भारत 26-25 ने जिंकला. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक.

तीन_उरल्या

माझी आवडती वेळ: बचावात तिघी किंवा त्याहून कमी. तेव्हाची पकड अव्वल पकड, म्हणजे दोन गुण. उलट तिघीही गेल्या तर तीन गुण आणि लोणाचे, म्हणजे अख्खा संघ बाद केल्याचे, दोन. शहाण्या संघातल्या मुली इथे साखळी सोडून पसरतात.

दम_३०

प्रशिक्षकांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून! महिला कबड्डी आशियाई स्पर्धेत 2010 ला आली. ते सुवर्ण भारताचं, 2014 चंही भारताचं. 2018 ला जकार्तात इराणने 27-24 ने हरवलं आणि इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली, सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. तो शोभेचा नव्हता. 30 सेकंदांची चढाई, त्यात पळणं, वाकणं, ओढाताण, आणि सगळा वेळ एका दमात स्पष्ट 'कबड्डी कबड्डी'. दम तुटला की पकड न होताही बाद.

प्रशिक्षक जोखायची सोपी जागा म्हणजे वेळ मागितल्यावरचे 30 सेकंद. प्रत्येक डावात असे दोनच. चांगली प्रशिक्षक त्यात एकीलाच एकच गोष्ट सांगते. सातही जणींना भाषण देणाऱ्याचा संघ पुढच्या चढाईला हमखास गोंधळतो.

गुणलेखक

राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ इतका जड का, असं दरवेळी विचारलं जातं. कारण नोकरी. राज्याराज्यांतल्या उत्तम खेळाडू रेल्वेत लागतात आणि मग आपल्याच राज्याविरुद्ध उतरतात. महाराष्ट्राचा संघ तोलताना ही वजाबाकी धरा.

मॅटवाली

गावात मुलींचे सामने भरवणार असाल तर एक मीटर चौरसाच्या तुकड्यांचे 96 नग नुसत्या मैदानाला लागतात. भोवतीची पट्टी वेगळी, ती वाचवू नका, राखीव क्षेत्रातली झटापट बाहेर लोळतेच. खालची जमीन झाडून, पाणी मारून, पूर्ण सुकल्यावरच मॅट टाका. ओल राहिली तर तुकडे सरकून सांधा उघडतो आणि त्यात अंगठा जातो. घाम पुसायला दोन्ही टोकांना कोरडं फडकं घेऊन माणूस बसवा. सामन्याआधी नखं, दागिने तपासाच. केसांना फक्त रबर. अंबाड्यातल्या लोखंडी पिना घाईत राहून जातात आणि त्या टोचतात पकड करणारीच्या कपाळाला.