मुलगा गेल्यावर कीर्तनात जीव आला, असं कसं म्हणवतं?

झांजवाली (दांडिया बाजार, वडोदरा)

आमच्या घरात कीर्तन तीन पिढ्यांचं. बाबा ४४ वर्षं नारदीय कीर्तन करताहेत आणि मी कॉलेजात असल्यापासून त्यांच्या मागे झांज धरते. चार वर्षांपूर्वी माझा भाऊ गेला. तापाचं निमित्त झालं, अकराव्या दिवशी सगळं संपलं. ३८ वर्षांचा होता.

मागच्या महिन्यात उत्सवात बाबांनी चिलया बाळाचं आख्यान लावलं. आरती झाली, बुक्का लावून घेत लोक पाया पडत होते. त्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "बुवा, खरं सांगू? मुलगा गेल्यापासून तुमच्या कीर्तनात जीव आला. आधी नुसतं पाठांतर होतं." शेजारच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. बाबांनी नमस्कार केला आणि चिपळ्या फडक्यात गुंडाळायला घेतल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हा धागा.

आख्यान बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. श्रियाळ राजा आणि चांगुणा राणीच्या दारात शंकर अतिथी होऊन येतो आणि तुमच्या मुलाच्या मांसाचं जेवण हवं म्हणतो. ती दोघं तेही करतात. पान वाढल्यावर अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, तुझ्या मुलाला हाक मार. चांगुणा दारात जाते, हाक मारते, आणि चिलया धावत येतो.

बाबा ती हाक अशी मारायचे की अंगावर काटा यायचा. उपरणं पदरासारखं डोक्यावरून घ्यायचे, उजवा हात दाराच्या चौकटीला टेकल्यासारखा वर, आणि तीनदा हाक. प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा चढी. तिसरीला सूर मुद्दाम जरा फाटू द्यायचे. ते फाटणं त्यांनी आजोबांकडून शिकून घेतलं होतं, घरात शंभरदा घोटलेलं मी ऐकलंय.

भाऊ गेल्यापासून ते ती हाक मारत नाहीत. उपरणं डोक्यावर घेतात, हात वर जातो, आणि थांबतात. पेटीवाले काका सूर धरून ठेवतात. मग बाबा एकदम "आला, चिलया आला" म्हणून पुढे जातात. लोकांना ती शांतता फार भिडते. काय अभिनय आहे, म्हणतात. त्या जागी काय होतं ते मी दोन हातांवरून चार वर्षं बघतेय. तिथे बाबांना जमत नाही, एवढंच.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. दुःखाने त्यांना काही दिलं नाही. १४ महिने चिपळ्या माळ्यावर होत्या. तुम्हाला जे खोल वाटतं, ती गळालेली जागा आहे. आणि जे टिकलं ते दुःखामुळे नाही, पाठांतरामुळेच टिकलं. घरातलं माणूस गेलं की कथा सांगणारा मोठा होतो, हा समज लोक इतक्या सहज का बोलून दाखवतात?

ओटलेकर

ताई, तुमच्या घरावर जे आलं त्याबद्दल फार वाईट वाटतं. तरी सहमत नाही. मी ३० वर्षं कीर्तनं ऐकतोय. संसारात पोळलेल्या माणसाची वाणी वेगळी लागते, हे कान सांगतात.

आपण गुजरातेतले मराठी, आपल्याला दोन्हीकडचे दाखले मिळतात. नरसिंह मेहतांच्या नावावर एक ओळ सांगतात, बायको गेल्यावरची: जंजाळ तुटलं ते बरंच झालं, आता सुखाने श्रीगोपाळ भजू. आणि तुकोबांचा अभंग बघा, बायको गेली, ती सुटली, देवाने माया सोडवली. जुनागढ कुठे आणि देहू कुठे, मधे दीड-दोनशे वर्षं. दोघांनी एकमेकांना ऐकलेलं नाही आणि घरातलं माणूस गेल्यावर दोघांच्या तोंडी जवळजवळ तेच आलं. याला काहीतरी कारण असेलच ना? ते गृहस्थ चुकीच्या वेळी बोलले असतील. चुकीचं बोलले असं मला वाटत नाही.

झांजवाली

काका, "बरंच झालं" हे तुकोबांनी स्वतःबद्दल म्हटलं. दुसऱ्याच्या घरी जाऊन नाही म्हटलं.

तोंडपाठ

ओटलेकर काका, तुकोबांचा दाखला दिलात तर पुरता द्यावा. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतः ज्या अभंगात सांगितलंय, त्याच अभंगात पुढे कीर्तनाला कशी सुरुवात झाली तेही आहे. ते काय म्हणतात? आरंभी एकादशीला कीर्तन करत असे, तेव्हा चित्त अभ्यासात नव्हतं. मग संतांची वचनं विश्वासाने, आदराने पाठ केली. पुढे कुणी गात असेल तर त्यांच्या मागे धृपद धरलं.

म्हणजे दुःख आधी येऊन गेलं होतं आणि तरीही चित्त लागत नव्हतं. लागलं ते पाठ करून आणि दुसऱ्याच्या मागे उभं राहून. त्या गृहस्थांनी "नुसतं पाठांतर" म्हणून जे हिणवलं, तुकोबा त्यालाच मान देताहेत. मी शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं, "नुसतं पाठांतर" हा शब्द ऐकला की मला अजून राग येतो. पाठ असलेलं माणसाला धरून ठेवतं. डोकं चालेनासं होतं तेव्हा जीभ चालते.

आणि वाल्मीकी? शोकाचा श्लोक झाला असं आपण म्हणतो. पण त्या क्रौंच पक्ष्याशी वाल्मीकींचं नातं काय होतं? घरातलं कुणी गेलं नव्हतं. झाडावरचा पक्षी बाणाने पडला आणि त्याच्या जोडीदाराचा आक्रोश ऐकून श्लोक आला. आपल्या परंपरेतली पहिली गोष्टच परक्याच्या दुःखाची आहे.

नवसारीवाला

गडकऱ्यांचं काय मग? राम गणेश गडकरी, जन्म १८८५, आमच्या नवसारीचा. लहानपणीच वडील गेले, धाकटा भाऊ गोविंद गेला. पुढे कविता लिहू लागले तेव्हा नाव घेतलं गोविंदाग्रज. गोविंदाचा थोरला भाऊ. जो भाऊ राहिलाच नाही त्याचं थोरलेपण ते १९१९ साली जाईपर्यंत प्रत्येक कवितेखाली लिहीत राहिले. हा केवळ योगायोग आहे असं कुणी म्हणेल का? माणसाने स्वतःच सही करून सांगितलंय की माझी कविता कुठून येते.

मी स्वतः धाकटा भाऊ गमावलाय. त्या नावाचा अर्थ मला शाळेत कळला नव्हता. तो गेल्यावर एका रात्री कळला.

तोंडपाठ

नवसारीवाले, तुमचं वाचून दोन मिनिटं थांबले. तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं.

तरी मुद्द्यापुरतं बोलते. कुसुमाग्रज हे नावही त्याच साच्यातलं आहे. कुसुम ही शिरवाडकरांची एकुलती एक बहीण, म्हणून कुसुमचा अग्रज. ते नाव मायेतून आलं, मरणातून नाही. तेव्हा भावंड मनात खोल असलं की सहीत उतरतं, एवढंच मी मानेन. ते गमवावंच लागतं असं नाही. आणि गडकरीच बाळकराम या नावाने पोट दुखेस्तोवर हसवतही होते. मांडीवर गेलेलं मूल घेऊन बसलेल्या आईची कविता त्यांनी लिहिली, ते आई तर नव्हते. तिथे त्यांना दुसऱ्याच्या जागी जाऊन बसता आलं, ही त्यांची ताकद.

सुरसागर

+१. आणि जे बोलायचे थांबले त्यांची गणती कोण करतं? माझे काका भुताच्या गोष्टी सांगायचे. उन्हाळ्यात गच्चीवर आम्ही १२-१३ पोरं, लाइट गेलेले, कुणी एकटं खाली जायला तयार नसायचं. काकू गेली आणि काकांनी पुन्हा गोष्ट सांगितली नाही. नऊ वर्षं जगले नंतर. लहान मुलं मागे लागली तर उठून आत जायचे. दुःखाने घडलेले सांगणारे आपल्याला दिसतात कारण ते स्टेजवर असतात. आत उठून गेलेले कुणाच्या यादीत नाहीत.

चकी_चको

मी झांजवाली ताईंशी आणि सुरसागर यांच्याशी असहमत आहे, आणि हे लिहिताना हात थरथरतोय तरी लिहिते.

मी कारेलीबागेत दर शनिवारी लहान मुलांना गोष्टी सांगते. आई जाईपर्यंत मी कधी चार माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं. बँकेत नोकरी, घर, बस. आई आम्हाला चिऊ-काऊची गोष्ट अर्धी मराठी अर्धी गुजराती सांगायची, चिऊताई मराठीत बोलायची आणि चिमणा गुजरातीत. चिमणी तांदळाचा दाणा आणते, चिमणा डाळीचा, दोघांची खिचडी शिजते. तिच्या गोष्टीत शेवटी खिचडीवर तूप कोण वाढतं ते काहीतरी वेगळं होतं, पाहुणं कुणीतरी यायचं. ते मला आठवत नाही. आई होती तोवर विचारायचं सुचलं नाही, तिच्या दिवसांत सुचलं.

मग मी मावशीला विचारलं, शेजारच्या बेनना विचारलं, आईच्या मैत्रिणींना फोन केले. प्रत्येकीने वेगळा शेवट सांगितला, आणि सांगताना प्रत्येकीने अजून एकदोन गोष्टी सांगितल्या. माझ्या वहीत आता ६० हून जास्त गोष्टी आहेत. तो शेवट अजून सापडलेला नाही. आई असती तर यातली एकही गोष्ट माझ्याकडे आली नसती. हे खरं आहे, मला बोचतं, तरी खरं आहे.

ताई, तुमच्या बाबांना कुणी तसं तोंडावर म्हणायला नको होतं, शंभर टक्के. पण "दुःखाने काही दिलं नाही" हे तुम्ही तुमच्या घरापुरतं म्हणा. माझ्या हातातली वही काढून घेऊ नका.

ओटलेकर

चकी_चको बेन, मला जे नीट म्हणता आलं नाही ते तुम्ही म्हणालात.

माणवाला

मी गुजराती, मराठी शाळेत शिकलो, चुका पोटात घाला. आपल्याच वडोदऱ्यातला सतराव्या शतकातला प्रेमानंद इथे कुणी काढला नाही म्हणून लिहितो. माणभट्ट म्हणजे तांब्याच्या घड्यावर, माणवर, बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यान सांगणारा. प्रेमानंदाची ख्याती कशासाठी? रडणाऱ्या लोकांना तो पुढच्या कडव्यात हसवायचा आणि हसणाऱ्यांना परत रडवायचा. एका रसातून दुसऱ्यात नेताना सांधा दिसू द्यायचा नाही. ज्याच्या अंगावर दुःख नुसतं कोसळलंय त्याला हे साधत नाही, तो एकाच रसात अडकतो. त्याला बाहेर काढतो तो ताल. अंगठी घड्यावर पडलीच पाहिजे, मनात काहीही असो.

झांजवाली

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही.

चकी_चको ताई, तुमचं बरोबर आहे. मी रागात सगळ्यांच्या वतीने बोलले. तुमची वही तुमची आहे. त्या गृहस्थांवरचा राग मात्र कमी झालेला नाही. "माझ्या आईच्या जाण्याने मला गोष्टी मिळाल्या" हे तुम्हीच म्हणू शकता, तुमच्या जागी मी म्हटलं तर ते क्रूर होईल. बाबांनी असं काही कधी म्हटलेलं नाही.

म्हणून काल विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी ते पेटी पुसत होते. म्हटलं, बाबा, चांगुणेची हाक तुम्ही का सोडता? मला वाटलं होतं ते गप्प होतील, किंवा भावाचं नाव निघेल. ते म्हणाले, "तीन हाकांना दम लागतो गं. ७४ झाली. दुसरीलाच श्वास संपतो."

मी म्हटलं, पण उत्सवाच्या आदल्या महिन्यात द्रौपदीचा धावा तर अख्खा म्हणालात, त्याला याच्या दुप्पट दम लागतो. ते पेटी पुसत राहिले. मग म्हणाले, "धाव्याला देव येतो. ते म्हणायला काही वाटत नाही."

यावर मी काही बोलले नाही. तुम्ही दोन्ही बाजूंनी याचा काय अर्थ लावायचा तो लावा, मला लावता आलेला नाही.

झोपायच्या आधी दाराशी येऊन म्हणाले, एकादशीला परत चिलयाच लावतोय, लोकांचा आग्रह आहे. हाक तू मागून मार, मी नुसता उभा राहीन. मी झांजेच्या पलीकडे आयुष्यात कधी काही म्हटलेलं नाही. हाक मला पाठ आहे, तिसरीचं फाटणंसुद्धा. पण बाबांची पट्टी काळी एक, त्यात माझा आवाज पार खाली बसतो. पेटीवाल्या काकांना उद्या सकाळी घरी बोलावलंय.