बालगृहातून १८ ला बाहेर पडणाऱ्या मुलीची पैशाची तयारी कशी करून घ्यावी?

रविवारची_मावशी
नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका बालगृहात मी तीन वर्षं दर रविवारी गणित शिकवायला जाते. तिथली एक मुलगी, अकरावी कॉमर्स, फेब्रुवारीत १८ ची होतेय. चार वर्षांची असताना आली, आईवडील नाहीत, नातेवाईक कोणी नाहीत. टक्केवारी, चक्रवाढ व्याज सगळं चोख. पण परवा पाचशेची नोट देऊन वह्या आणायला पाठवली तर फाटकापर्यंत जाऊन परत आली, म्हणे मावशी तुम्ही पण चला ना, मी एकटीने कधी काही विकत घेतलं नाहीये. खरंच की, तेल तांदूळ साबण सगळं टेम्पोतून येतं, साबण कितीला मिळतो हे तिला माहीत असणार कुठून! तिच्या नावावर पन्नास हजारांची एफडी करावी असं माझ्या मनात आहे, नवरा म्हणतो नुसते पैसे देऊन काही होत नाही. काय करावं?

आयटीआय_फिटर
ताई, मिस्टर अर्धे बरोबर आहेत. मी पण संस्थेतलाच, २०११ ला बाहेर पडलो. निघताना एक ट्रंक, दोन ड्रेस आणि साठलेले अकरा हजार मिळाले, दोन महिन्यांत संपले. उधळले नाहीत हां. माझ्या आधी बाहेर पडलेले आमच्यातलेच तिघं होते, एकाचं डिपॉझिट, एकाचा दवाखाना असं करत गेले, कारण नाही म्हणायची सवयच नाही, आत सगळ्यांचं सगळं एकच असायचं, चपला पण. आणि पैशापेक्षा जास्त नडला तो पत्ता. आधारवर संस्थेचा पत्ता बघितला की रूममालकाचा चेहराच बदलायचा, गॅरेंटर आण म्हणायचा. शेवटी आयटीआयच्या सरांनी स्वतःचं नाव आणि नंबर दिला तेव्हा रूम मिळाली. एफडी कराच, पण जमत असेल तर गॅरेंटर म्हणून उभ्या राहा, ते जास्त मोठं आहे.

पांढरपेशा
एवढा हिशेब कशाला, चांगलं स्थळ बघून द्या की.

झिपरी
काका, हल्ली स्थळवाले पण आधी मुलगी कमावते किती तेच विचारतात 😀

जुनी_फाईल
मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम केलंय म्हणून सांगते, फेब्रुवारीची वाट बघू नका. १८ झालं की उचला ट्रंक असं कायद्यात नाहीये. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ मधे पुढच्या मदतीची सोय आहे, त्यालाच आपण अनुरक्षण म्हणतो, २१ पर्यंत आणि अपवाद म्हणून अजून दोन वर्षं. मिशन वात्सल्य म्हणजे केंद्राची बालसंरक्षणाची योजना, तिच्या २०२२ च्या गाईडलाईन्समधे त्यासाठी महिना ४००० धरलेत. पण हे आपोआप होत नाही, अधीक्षकांकडून प्रस्ताव जावा लागतो, तेव्हा गोड बोलून मागे लागा. दुसरं म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, ते या कागदाशिवाय मिळत नाही. तिचं जुनं रेकॉर्ड हाताशी आहे तोवरच अर्ज करा, एकदा बाहेर पडली की चौदा वर्षांपूर्वीचं रजिस्टर कोण शोधणार. (बालगृहातली सगळीच मुलं अनाथ नसतात बरं का, कित्येकांची आई असते पण सांभाळू शकत नाही, त्यांना यातलं आरक्षण नाही. ती वेगळीच रड.)

काउंटर_नंबर_३
बँकेत आहे. पहिलं काम, आधारला आणि खात्याला मोबाईल नंबर कुणाचा लागलाय ते बघा. बहुतेक वेळा संस्थेच्या ऑफिसचा असतो, मग पोरगी बाहेर आणि ओटीपी ऑफिसात. १८ झाल्यावर खातं अज्ञानाचं (म्हणजे मायनरचं) सज्ञान करायला नव्याने केवायसी आणि नमुना सही लागते, तेव्हा तिला स्वतःला घेऊन या, तुम्ही बाजूला बसा, स्लिप तिलाच भरू दे. खरं तर १० वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायचं खातं आधीपासून मिळू शकतं, म्हणजे आत्ताच सुरुवात करता येईल. महिन्याला पाचशे टाका, साबण, पॅड, रिचार्ज तिचं तिने बघायचं, आणि वीस तारखेला संपले तरी एक तारखेपर्यंत देऊ नका. आत्ता आत छप्पर आहे तोवर संपू देत. आणि ते लोन ॲप फोनमधे येऊ देऊ नका, पहिल्या पगाराआधीच पोरं अडकतात.

रविवारची_मावशी
सगळ्यांचे आभार. अधीक्षक मॅडमशी बोलले, प्रस्ताव करू म्हणाल्या, मी दर रविवारी विचारणार आहे. नंबर ऑफिसचाच निघाला! गॅरेंटरचं घरी बोलले, नवरा आधी गप्प बसला मग म्हणाला माझं नाव टाक, तुझी सही दर वेळी वेगळी येते. सहीवरून आठवलं, नमुना सही करायची म्हटल्यावर तिने विचारलं आडनाव लिहायचंच का, ते संस्थेने लावलेलं आहे. मी म्हटलं तुला आवडेल तशी कर, फक्त रोज तीच कर. गणिताच्या वहीची मागची चार पानं भरलीत.