आधी अर्थिंग बघा

प्रीमियर पद्मिनी गाडीचे हेडलाइट मंद म्हणून अख्खं वायरिंग बदलायला निघालात, पण जरा थांबा. दिवे लावून बॅटरीवर आणि बल्बपाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 12 आणि बल्बला 10.8 मिळत असेल, तर उजेड साधारण 30 टक्क्यांनी उतरतो. बऱ्याचदा दोष बॉडीच्या अर्थिंगचा, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो त्या जोडाचा असतो. गंज पॉलिश पेपरने घासला की काम भागतं.

माझं मात्र भागलं नाही. गाडी गोव्यात मिरामारला, समुद्राच्या वाऱ्यात उभी. वायर वरून ठणठणीत, पण थिंबलमागे (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीमागे) दोन इंच सोलली तर आत तांबं काळंहिरवं, नखाने खरवडलं की भुगा! मग सगळंच बदललं. या खाऱ्या हवेत कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या, महाग पडली तरी.

मेस्त्रीला एकाच रंगाची वायर ओढू देऊ नका. आमच्याने सगळी लालच ओढली. आता फॉल्ट शोधायचा म्हणजे शेवयांत केस शोधणं.

आणि हेडलाइटला रिले लावाच, म्हणजे जुन्या स्विचच्या थोड्याशा करंटवर चालून दिव्यांचा मोठा करंट स्वतः सोसणारा स्विच. 55 वॉटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे 9 अँपिअर, ते बिचाऱ्या जुन्या स्विचने का सोसायचे? रिलेचा फ्यूज बॅटरीजवळच ठेवा.