स्प्लेंडरच्या क्रँककेसमध्ये जादाचं पिन लॉक सापडलं, एक टोक तुटलेलं – फुल इंजिन उघडावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. गाडी काकांची आहे आणि रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन डेअरीला तीच जाते, सध्या शेजारच्यांची गाडी मागून चालवतायत.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, 2003 चं मॉडेल, ते 97.2 सीसीचं आडवं इंजिन. ऑईल प्यायला लागली होती, रेस दिली की निळा धूर, म्हणून हेड आणि ब्लॉक उतरवला, पिस्टन-रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बदलायचे म्हणून. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला तर 0.50 असा आकडा दिसला, म्हणजे आधी एकदा बोअर करून (सिलिंडर आतून कापून) 0.50 मिमीने मोठा, ओव्हरसाईझ पिस्टन टाकलेला आहे. काकांना विचारलं तर म्हणाले हो, मागं एका गॅरेजला हाफ इंजिन (खालची केस न उघडता फक्त हेड-ब्लॉकचं काम) करून घेतलं होतं.

आता खरी गोष्ट. ब्लॉकच्या जागेवरचं जुनं पॅकिंग खरवडत होतो, कचरा आत जाऊ नये म्हणून तोंडात फडकं कोंबलेलं, ते काढून टॉर्चने आत बघितलं तर क्रँकच्या खाली काहीतरी चमकलं. लांबणाऱ्या मॅग्नेटने ओढून काढलं तर गजन पिनचं लॉक, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन सरकू नये म्हणून लावतात ती तारेची छोटी रिंग! पिस्टनमधली दोन्ही लॉकं जागेवर आहेत, दोन्ही बाजू परत परत बघितल्या. म्हणजे हे तिसरं. माझा अंदाज असा की पिस्टन बसवताना लॉक उडून आत पडलं असणार आणि दुसरं लावून ब्लॉक बसवून टाकला असणार. या इंजिनात ब्लॉक आडवा, तोंड पुढच्या बाजूला, त्यामुळे निसटलं की सरळ आतच जातं.

नुसतं जादाचं लॉक असतं तर काढून टाकलं असतं आणि विषय संपला असता. पण पिस्टनमधलं एक लॉक काढून (तसंही नवीनच टाकायचंय) दोन्ही वहीच्या पानावर शेजारी शेजारी ठेवली. चांगल्या लॉकच्या दोन टोकांमधली फट साधारण 3 मिमी, सापडलेल्याची दुप्पट. एक टोक व्यवस्थित कापलेलं, दुसरं वाकडंतिकडं, नखाला खरखरीत लागतं. लॉकची एक बाजू घासून आरशासारखी झालीये आणि क्रँकच्या वेबच्या (जड चकतीच्या) कडेला बारीक खाच आहे, केसच्या आतल्या भिंतीवर पण ओरखडा. म्हणजे हे बराच काळ आत फिरत होतं. मग तो तुटलेला तुकडा कुठंय?

आतापर्यंत काय केलंय ते सांगतो. ऑईल जुन्या सुती धोतरातून गाळलं, मॅग्नेट फिरवला, बारीक काळी भुकटी सोडून काही नाही. क्लच कव्हर उघडून खालची जाळी काढली, तिच्यात फक्त सिलिकॉनचे धागे. क्रँकच्या टोकावरचा फिरता ऑईल फिल्टर उघडून आतला काळा गाळ बोटाने चोळून बघितला, तिथं पण नाही. मॅग्नेटची बाजू (क्रँकच्या दुसऱ्या टोकावरचं, वीज तयार करणारं चाक) अजून उघडलेली नाही, ते ओढून काढायचा पुलर नाहीये माझ्याकडे.

भीती दोन गोष्टींची. लॉक म्हणजे स्प्रिंग स्टील, कडक माल. या गाडीत गिअर आणि क्रँक एकाच ऑईलवर चालतात, तुकडा गिअरच्या दातात सापडला तर दात जाणार, आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगमध्ये घुसला तर क्रँकच गेला. गावातले एक मिस्त्री म्हणतात 3 मिमीच्या तुकड्याने काही होत नाही, बसवून टाक. मला ते पटत नाहीये. पण फुल इंजिन, म्हणजे खालची केस पण, उघडायचं म्हणजे खर्च, आणि काकांना उगाच खर्चात पाडायचं नाहीये. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

भाऊ, बसवू नका, अजिबात. आणि तोपर्यंत क्रँक फिरवू पण नका, किकला हात लावू नका. आधी तुकडा खरंच तुटलाय का ते पक्कं करा, कारण लॉक नुसतं ताणलं गेलं तरी फट मोठी दिसते. दोन्ही लॉकं सोनाराकडे न्या, मिलीग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. 1 मिमी जाडीच्या तारेचा 3 मिमी तुकडा म्हणजे साधारण 20 मिलीग्रॅम. वजन सारखं आलं तर ताणलंय, कमी आलं तर तुटलंय.

ऑईल पंपाची काळजी करू नका, जाळीच्या पुढं तुकडा जात नाही. मॅग्नेट आत घालताना बाजूने क्रँकला चिकटतो आणि खाली पोचतच नाही, म्हणून त्याच्यावर प्लास्टिकची नळी चढवा, फक्त टोक उघडं ठेवा. मग ड्रेन बोल्ट काढून तोंडातून डिझेल ओता, गाडी दोन्ही अंगाला कलती करा, खाली फडकं धरा. टायमिंग चेनच्या तळाशी पण असा माल जाऊन बसतो, ती बाजू बघितल्याशिवाय शोध पूर्ण झाला म्हणू नका. एवढं करून नाही सापडला तर केस उघडाच.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार, सोनाराच्या काट्याचं डोक्यातच आलं नव्हतं. वजन करून आणलं, सापडलेलं लॉक 20 मिलीग्रॅमच्या आसपास कमी भरलं, म्हणजे तुटलेलंच आहे. नळी चढवून मॅग्नेट घातला, डिझेलने धुतलं, जुन्या पॅकिंगचे तुकडे निघाले पण लोखंड नाही. मागच्या कुठल्यातरी ऑईल बदलीत ड्रेनमधून निघून गेला असेल असं पण वाटतं, पण नुसत्या वाटण्यावर काकांना गाडी द्यायला मन होत नाही. आता मॅग्नेटची बाजू उघडतो आणि तिथं नाही मिळाला तर केस फोडतो, काकांशी बोललोय, ते म्हणाले एकदाच काय ते नीट कर. फलटण-बारामती भागात कुणाकडे स्प्लेंडरचा मॅग्नेट पुलर असेल तर दोन दिवसांसाठी द्या, स्वतः येऊन घेऊन जाईन. आणि केस उघडलीच तर क्रँकची बेअरिंगं आणि ऑईल सील सोबतच बदलावीत की आधी खेळ (ढिलेपणा) बघून ठरवावं, तेवढं पण सांगा.