चार्ल्स कोरिया यांची संग्रहालयं: थीसिससाठी कुठली पाहावीत?

पाचवं_वर्ष:
बी.आर्क.चा (वास्तुकलेच्या पदवीचा) थीसिस आहे. विषय: पुण्यात जुनी वस्त्रं, लघुचित्रं आणि पितळी भांडी यांचं संग्रहालय. केस स्टडीसाठी वास्तुकार कोरिया घेतलेत. अहमदाबाद, भोपाळ, जयपूर यांपैकी दोनच जमतील. कुठली निवडू? आणि साबरमतीसारखी बिनकाचेची दालनं इथे चालतील का?

कोनाडा:
अहमदाबाद आणि भोपाळ. कोरियांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं आणि १९६३ मध्ये अहमदाबादच्या साबरमती आश्रमात गांधी स्मारक संग्रहालय उभं राहिलं. ६ मीटर बाजूचे चौरस, विटांचे खांब, वर कौलं. काही चौरस भिंतींनी बंद, काही नुसत्या छपराखाली, मध्ये पाण्याचा चौक. तिथल्या काँक्रीटच्या तुळया नीट पाहा. त्या छप्पर पेलतात आणि पन्हळ होऊन पावसाचं पाणीही वाहून नेतात.

भोपाळचं भारत भवन (१९८२) अगदी वेगळं. तलावाकडे उतरत्या जमिनीत दालनं दडवलेली, माणूस वरून गच्च्या-चौकांतून खाली जातो. इथे प्लॅनवर वेळ घालवू नका, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढा. जयपूरच्या जवाहर कला केंद्राचा नऊ चौरसांचा प्लॅन नकाशावरूनही समजतो. आणि पुण्यातलं कोरियांचंच आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) सोडू नका. ते संग्रहालय नसलं तरी कुंडाभोवती इमारत कशी बांधतात ते तिथे कळतं.

पागोळी:
वस्त्रांसाठी बिनकाचेची दालनं अजिबात नकोत. पुण्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांपुढे जाते. ती ६५च्या वर रेंगाळली की कापड-कागदाला बुरशी धरते. कोरियांकडून घ्यायचा तो चौक आणि ओसरी; दालनं बंदच ठेवा.

वस्त्रं आणि लघुचित्रं ५० लक्सवर (लक्स म्हणजे उजेडाचं माप) ठेवावी लागतात, आणि उघड्या चौकात दुपारी हजारो लक्स असतात. चौकातून थेट आत आलेल्याला काहीच दिसत नाही, मग दिवे वाढवले जातात आणि रंग उडतात. म्हणून क्रम असा लावा: चौक, ओसरी, पितळेचं दालन, शेवटी वस्त्रं. पितळेला उजेडाचं भय नाही, दमट हवेचं आहे. ते ओलावा शोषणारं सिलिका जेल घातलेल्या बंद कपाटात ठेवा.

पाचवं_वर्ष:
क्रम पटला. पितळेच्या दालनाला छपरातून उत्तरेचा उजेड घेऊ का?

कोनाडा:
घ्या, पण युरोपातला सेक्शन जसाच्या तसा उचलू नका. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या काचेवर येतं. काच उभीच ठेवा, वर पुढे आलेलं छप्पर आणि दोन्ही बाजूंना उभे पडदे द्या. मॉडेल २१ जूनच्या सूर्यासाठी सकाळी ८, दुपारी १२:३० आणि संध्याकाळी ५ला तपासा.