पाण्याच्या गुहेची नोंद: वाटाड्याचे नाव हवे का, आणि गुहामुखाचे ठिकाण जाहीर करावे का?

डोंगरकपार:

मेघालयातील पूर्व जैंतिया टेकड्यांत एका पाण्याच्या गुहेची मोजणी करणाऱ्या गटात गेल्या फेब्रुवारीत मी हरकाम्या म्हणून होतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात माणसाने कोरलेली लेणी पाहत वाढलेल्या मला, चुनखडकात पाण्यानेच कोरलेली आणि आतून ओढा वाहणारी गुहा सर्वस्वी नवी होती. मोजणीचे काम मात्र शेताची हद्द मोजणाऱ्या भूकरमापकाच्या कामासारखेच असते. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे अंतर, होकायंत्रावरील दिशा आणि चढ-उताराचा कोन घ्यायचा, खुणेसाठी खडकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पेन्सिलीने कच्चा नकाशा काढायचा.

दुसऱ्या दिवशी पुढे चालणाऱ्या पनार (जैंतिया टेकड्यांतील जमात) वाटाड्याने हेडलॅम्पचा झोत वर वळवला. आमच्या डोक्यावर दीड पुरुष उंचीवर, खडकाच्या फटीत वाळलेले गवत आणि बांबूची एक कांब अडकलेली होती. तो काहीच बोलला नाही. पावसाळ्यात ओढा कुठवर चढतो आणि ही कामे कोरड्या महिन्यांतच का उरकतात, हे तेवढ्यावरून कळले. ती जागा आमच्या नोंदवहीत क्रमांकासह उतरली. ती दाखवणाऱ्याची नोंद मात्र खर्चाच्या पानावर ‘वाटाडे दोन, मजुरी’ एवढीच झाली.

माझे म्हणणे असे की, ज्याने गुहेचे तोंड दाखवले त्याचे नाव मोजणी करणाऱ्यांच्या बरोबरीने नकाशावर असले पाहिजे, आणि गावाच्या संमतीशिवाय गुहामुखाचे अक्षांश-रेखांश छापता कामा नयेत. तेथील बहुतेक जमीन कुळांच्या (म्हणजे एका वंशाच्या घराण्यांच्या), गावाच्या वा खाजगी मालकीची आहे. ‘क्रेम’ हा गुहेसाठीचा शब्दही त्यांचाच आहे. आपण मात्र ‘शोध लागला’ असे लिहून मोकळे होतो.

मोजपट्टी:

नावाबद्दल माझी हरकत नाही. ठिकाण झाकून ठेवण्याबद्दल मात्र ठाम विरोध आहे. गारो टेकड्यांतील सिजू गुहेचे उदाहरण घ्या. 1922 मध्ये केम्प आणि चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी तेथील जीवसृष्टीचा अभ्यास केला आणि नंतर तो प्रसिद्ध केला, म्हणूनच आज शंभर वर्षांनी त्या ओढ्यात काय उरले आणि काय गेले याची तुलना करता येते. गुहा कुठली हेच त्यांनी सांगितले नसते, तर ती नोंद निव्वळ प्रवासवर्णन ठरली असती.

दुसरा मुद्दा अधिक निकडीचा आहे. चुनखडी सिमेंटसाठी लागते आणि जैंतिया टेकड्यांच्या पट्ट्यात खाणी आहेत. जी गुहा कोणत्याही नकाशावर नाही, ती खाणीच्या परवान्याला आडवी कशी येणार? 1992 पासून होत आलेल्या मोहिमांनी मेघालयात चारशे किलोमीटरहून अधिक भुयारे मोजली आहेत, त्यांपैकी एकट्या क्रेम लिआत प्राहची लांबी तीस किलोमीटरहून अधिक आहे. हे आकडे कपाटात राहिले असते तर गुहांच्या बाजूने बोलायला हातात काय होते? गुपिताचा फायदा खोदणाऱ्यालाच होतो.

निवळी:

दोघांच्याही बोलण्यात ‘गाव’ म्हणजे जणू एकच माणूस आहे. मी ज्या गावात गेले होते, तेथे वाहेह श्नोंग, म्हणजे गावप्रमुख, यांनी आम्हाला आधीच परवानगी दिली होती. तरीही ज्या कुळाच्या जमिनीत गुहेचे तोंड होते, त्यांची नाराजी आम्हाला संध्याकाळी चहा पिताना समजली. शिवाय जे गाव गुहा दाखवते, त्याच गावातील कोणी आपली टेकडी खाणीला दिलेली असते. अशा वेळी नकाशावर वाटाड्याचे नाव छापणे हा त्याचा सन्मान ठरेल, की ‘ह्यानेच परक्यांना आणले’ असा शेजाऱ्यांना मिळालेला पुरावा? नाव द्यावे की नाही, हे आधी त्यालाच विचारा. आमच्या गटाने ते विचारले नव्हते, आणि त्यात मीही होते.

‘मोजपट्टी’ यांच्या तुलनेच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण अभ्यासकाला ठिकाण कळणे आणि कोणालाही मोबाइलवर ते सापडणे यांत फरक केला पाहिजे. क्रेम उम लादाव गुहेतील मोठा आंधळा मासा पाहा. 2023 मध्ये डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पनार लोकांवरून त्याला ‘निओलिसोकायलस पनार’ हे नाव दिले. जमातीचे नाव अशा रीतीने विज्ञानात गेले, याचा मला आनंदच आहे. मात्र मासा बघायला म्हणून उद्या कोणी हौशी मंडळी दोर घेऊन आली, तर त्यांना बाहेर काढायला त्याच गावातली मुले उतरणार.

मोजपट्टी:

हौशी मंडळींचा मुद्दा मान्य. त्यांच्यापायी अचूक ठिकाण आंतरजालावर टाकू नये, हेही मान्य. परंतु मग ते कोणाकडे असावे? गावाकडे म्हणाल, तर खाणीला टेकडी देणारेही गावातलेच, हे आपणच सांगितले.

डोंगरकपार:

‘निवळी’ यांचा आक्षेप मला लागला, कारण आमच्या त्या दोघा वाटाड्यांना मीही काही विचारले नव्हते. ठिकाणाबाबत मी थोडा मागे येतो: पूर्ण नकाशाची एक प्रत गावाकडे, एक त्या कुळाकडे आणि एक राज्यातील अभ्यासकांकडे असावी, म्हणजे कोणा एकाला ती दडपता येणार नाही, जाहीर प्रतीवर गुहामुखाऐवजी फक्त टेकडीचे नाव असावे. आमचा कच्चा नकाशा अजून पक्का व्हायचा आहे. गवत अडकलेल्या त्या फटीची पाण्यापासूनची उंची त्यावर लिहायची राहिली आहे, ती मी कळवली आहे. वाटाड्यांकडे नावाचा आणि ठिकाणाचा असे दोन्ही प्रश्न घेऊन गटातील शिलाँगचा एक सहकारी पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

निवळी:

त्याला कुळाच्या घरीही जायला सांगा, आणि प्रश्न पनारमध्ये विचारायला सांगा. आमच्या वेळी सगळी बोलणी इंग्रजीत झाली होती, आणि समोरचे नुसती मान हलवत होते.